हेर बाई असली की समीक्षकांना "पण का?" हा प्रश्न का पडतो?

रिकामटेकडी

मंडळी, बरेच दिवस एक गोष्ट डोक्यात घोळतेय, म्हटलं इथे टाकावी, इथे सिनेमावाले बरेच आहेत. स्पॉयलर आहेत, आधीच सांगते, नंतर ओरडू नका.

परवा रात्री 'अटॉमिक ब्लॉंड' परत बघितला. मी बघत होते, आई शेजारी मेथी निवडत बसली होती आणि अधूनमधून "काय गं ही सारखी मारामारी" असं पुटपुटत होती. त्यात तो जिन्यातला सीन आहे ना, शार्लीझ थेरन एका माणसाला घेऊन बर्लिनमधल्या एका पडक्या बिल्डिंगमध्ये शिरते आणि मग जिन्यातून फ्लॅटमध्ये, फ्लॅटमधून परत जिन्यात अशी जी काही हाणामारी होते, एकाच टेकमध्ये घेतल्यासारखी, मागे म्युझिक नाही, नुसते धपाधप आवाज आणि धापा. शेवटाकडे ती आणि समोरचा माणूस दोघांनाही धड उभं राहता येत नाही, झुलतायत नुसते, गुद्दा मारायला हात उचलायचा म्हणजे सुद्धा कष्ट. तर आईचा हात थांबला, मेथीची काडी तशीच बोटात, आणि म्हणाली "दमली गं ती."

आता बाबांबरोबर हिने आयुष्यभर बाँडपट बघितलेत, पण तो कधी दमला असं काही तिच्या तोंडून मी ऐकलेलं नाही.

म्हणून मग रात्री एक वाजेपर्यंत जुने रिव्ह्यू वाचत बसले. (सकाळी ऑफिसला उशीर, ते सोडा.) २०१७ ला लोकांनी अ‍ॅक्शनचं कौतुक भरपूर केलंय पण त्याबरोबर एक तक्रार परत परत येते, की ही बाई फार थंड आहे, ही कोण, कुठली, हे सगळं का करते ते कळत नाही, दिसायला झकास पण आत पोकळ वगैरे. बरं. मग 'द ऱ्हिदम सेक्शन'चे काढले, २०२० चा, ब्लेक लाइव्हलीचा. त्यात तर कारणांची रास आहे. विमान अपघातात अख्खं कुटुंब गेलं, मग व्यसन, मग वेश्याव्यवसाय, मग कळतं की अपघात नव्हताच तो, बॉम्ब होता, आणि मग ही सूड घ्यायला निघते. तर त्यावर समीक्षक म्हणतात हे काय तेच तेच, दुःखी बाई आणि तिचा सूड, कंटाळा आला!

म्हणजे कारण नाही दिलं तर पोकळ, दिलं तर घिसंपिटं. मग द्यायचं काय?

बाँडला कोणी विचारतं का रे की बाबा तू हे का करतोस? पगार मिळतो म्हणून करतो. आपल्याकडे पण तेच बघा, 'नाम शबाना'त तापसीला एजन्सीत घ्यायच्या आधी तिच्या बॉयफ्रेंडचा खून व्हावा लागतो, त्याआधी मारकुटा बाप पण आहेच. 'बेबी'मधल्या अक्षयकुमारला असं काही लागलं नाही, त्याला घरी बायको-मुलं, सगळं सुखात, आणि तरी तो देशासाठी लढतो.

तर प्रश्न असा की हा समीक्षकांचा दोष की लिहिणाऱ्यांचा? की मीच उगाच खोल शिरतेय?

---

पिटातला_शिट्टीवाला

ताई, उगाच खोल शिरताय. दिवे घ्या. :)

साधी गोष्ट आहे, वाईट सिनेमाला लोक वाईट म्हणतात. 'द ३५५' बघितलात का? जेसिका चॅस्टेन, पेनेलोपी क्रूझ, लुपिता न्योंगो, डायन क्रूगर, फॅन बिंगबिंग, एवढ्या पाच जणी आणि सिनेमा असा की मी इंटरव्हलला वडापाव खायला गेलो तो परत आत जायचं जिवावर आलं. अमेरिकन स्वातंत्र्ययुद्धात '३५५' या आकड्याने ओळखली जाणारी एक बाई हेर होती, तिच्यावरून नाव घेतलंय म्हणे, कल्पना भारी पण तिचं पुढे काय केलं तर काही नाही, सगळ्या मिळून एका हार्ड डिस्कच्या मागे धावतात. याला रॉटन टोमॅटोजवर समीक्षकांचे पंचवीस टक्क्यांच्या आसपास मिळाले तर ते मी म्हणतो जास्तच दिले. यातल्याच चॅस्टेनचा 'एव्हा' त्याहून रद्दी. ल्यूक बेसाँचा 'अ‍ॅना' म्हणजे त्याने स्वतःच १९९० साली केलेल्या 'निकिता'ची कार्बन कॉपी आणि ती पण फिकट आलेली.

आणि कारणाचं म्हणताय तर जॉन विकला काय कारण होतं? कुत्रा! कुत्र्याचं पिल्लू मारलं म्हणून अख्खी रशियन गँग साफ केली त्याने आणि लोक अजून टाळ्या वाजवतायत. बाँडचा 'क्वांटम ऑफ सोलेस' पण प्रेयसी गेल्याच्या सुडाचाच, आणि त्याला बाँडपट असून लोकांनी सोललाच होता की. पुरुषांना सूट मिळते असं काही नाही.

आणि समीक्षकांना बायका चालत नाहीत म्हणावं तर 'स्पाय' घ्या, मेलिसा मॅकार्थीचा, २०१५. ९५ टक्के आहेत त्याला. एवढे भल्याभल्या बाँडला नाहीत. चांगला बनवला, चांगलं म्हणाले. विषय संपला.

---

साखरांबा

शिट्टीवाले, विषय एवढ्यात संपत नाही हो.

'स्पाय'चं उदाहरण तुमच्याच विरोधात जातं. ती कॉमेडी आहे. जाडसर, मध्यमवयीन, हेडफोन लावून दुसऱ्याच्या कानात सूचना देणारी बाई फील्डवर जाते हाच विनोद आहे तिथे (आणि विनोद तिच्यावर नाही, तिला कमी लेखणाऱ्यांवर आहे, म्हणून मला फार आवडतो). पण सिरियस हेरपट असला, बाई गंभीर चेहऱ्याने माणसं मारत असली की मग चौकशी सुरू होते. मला वाटतं रिकामटेकडीचा मुद्दा तो आहे.

आणि जॉन विकच्या कुत्र्याचं म्हणाल तर त्याच्या कारणाची लोकांनी मजा घेतली, की काय बाबा एका कुत्र्यावरून! ते कारण छोटं आहे हेच तर त्यातलं गंमतीचं. बाईला छोटं कारण कधी देतात का सांगा. तिला कुटुंब मरावं लागतं, बलात्कार व्हावा लागतो, किमान आई आजारी पाडावी लागते. 'रेड स्पॅरो' आठवा, जेनिफर लॉरेन्स बॅले करत असते, स्टेजवर पाय मोडतो, आईच्या औषधपाण्यासाठी काका तिला हेर घडवणाऱ्या शाळेत पाठवतो आणि मग त्या शाळेत जे काही चालतं ते बघून मला तर अर्ध्यात बंद करावंसं वाटलं. गंमत म्हणजे मूळ कादंबरी लिहिणारा जेसन मॅथ्यूज स्वतः सीआयएमध्ये आयुष्य काढलेला माणूस.

आता 'सॉल्ट'चा किस्सा सांगते, तो या धाग्यात पाहिजेच. २०१० चा, अँजेलिना जोलीचा. मुळात तो रोल पुरुषाचा होता, एडविन सॉल्ट, टॉम क्रूझसाठी लिहिलेला. तो म्हणाला हे माझ्या मिशन इम्पॉसिबलवाल्या कॅरेक्टरसारखंच होतंय, आणि सोडला. मग जोली आली, एडविनची एव्हलिन झाली. आणि इथे बघा काय झालं, मूळ स्क्रिप्टमध्ये एडविन आपल्या बायकोला वाचवतो असा मोठा प्रसंग होता. तोच बदलून बायको नवऱ्याला वाचवते असा केला तर दिग्दर्शक फिलिप नॉइस यांना वाटलं की नवरा त्यात बिचारा, नामर्द वाटेल. म्हणून सीनच बदलला. सिनेमात नवऱ्याला तिच्या डोळ्यासमोर गोळी घालतात आणि ती चेहरा हलू देत नाही, कारण हलला तर सोंग उघडं पडेल.

मला तो सीन आख्ख्या सिनेमात सगळ्यात भारी वाटतो. पण तो आला कुठून बघा! पुरुषाची लाज राखायला आला. आणि बाईला मिळालं काय, मेलेला नवरा, म्हणजे परत कारण.

अमेरिकन समीक्षक रॉजर ईबर्टने चारपैकी चार स्टार दिले होते 'सॉल्ट'ला, हे पण लिहून ठेवते, नाहीतर म्हणाल एकांगी लिहिते. धंदाही चांगला झाला, ११० मिलियन डॉलरचं बजेट आणि जगभरात २९०च्या वर कमाई. आणि पुढचा भाग? चौदा-पंधरा वर्षं "येणार येणार". बेताची कमाई झालेल्या पुरुष हिरोंचे तीन-तीन भाग येतात इथे.

---

आकडेमोड

थोडं माझ्या नावाला जागतो.

१. टक्क्यांवरून भांडू नका. रॉटन टोमॅटोजवर ९५ टक्के म्हणजे शंभरातल्या पंच्याण्णव समीक्षकांनी "बरा आहे" किंवा त्याहून वर म्हटलं एवढंच. सगळ्यांनी दहापैकी साडेसहा दिले तरी शंभर टक्के येऊ शकतात. म्हणजे कोणालाही न खुपणारा सिनेमा तिथे वर जातो, आणि ज्यावर अर्धे फिदा नि अर्धे खवळलेले तो पन्नासला बसतो. 'रेड स्पॅरो' पन्नासच्या खाली आहे तो मला तरी या दुसऱ्या जातीतला वाटतो, ज्यांना आवडला त्यांना बराच आवडलाय.

२. समीक्षक आणि पब्लिक एकत्र धरू नका. स्टीव्हन सोडरबर्गचा 'हेवायर' बघा, जिना कॅरानो, खरीखुरी एमएमए (मिक्स्ड मार्शल आर्ट्स) फायटर. समीक्षकांचे ८० टक्के. आणि सिनेमास्कोर म्हणून एक प्रकार आहे, अमेरिकेत पहिल्या दिवशी थेटरात आलेल्या लोकांकडून शाळेसारखे ग्रेड भरून घेतात. त्यात काय मिळालं माहितीये? डी प्लस! म्हणजे काठावर नापास म्हणा. कारण जाहिरातीत दाखवला धूमधडाका अ‍ॅक्शन आणि आत सोडरबर्गने मारामारीच्या वेळी म्युझिकच काढून टाकलंय. ती डब्लिनच्या हॉटेलमधली फाइट बघा, ती आणि मायकेल फासबेंडर, दोघं पार्टीच्या कपड्यात खोलीत शिरतात आणि दार बंद होताच हा मागून हल्ला करतो. फर्निचर फुटतंय, टीव्ही फुटतोय, आणि मागे एक सूर नाही. मला आवडलं, माझ्या बायकोने मधेच विचारलं "आवाज गेला का?"

तर इथे "बाई आहे म्हणून समीक्षक झोडतात" हे उलटं आहे. समीक्षकांनी डोक्यावर घेतला, पब्लिकने आपटला.

३. तरीही रिकामटेकडींचा संशय अगदीच हवेतला नाही. सदर्न कॅलिफोर्निया युनिव्हर्सिटीच्या अ‍ॅननबर्गवाल्यांनी २०१८ मध्ये एक अभ्यास काढला होता, २०१७च्या सगळ्यात जास्त कमावणाऱ्या १०० सिनेमांचे साडेएकोणीस हजार रिव्ह्यू मोजले. त्यातले ७७.८ टक्के पुरुषांनी लिहिलेले. आता पुरुषाने लिहिलं म्हणजे चुकीचंच असं नाही, पण "ही हे का करते" हा प्रश्न ज्याला पडतो तो चारात तीन वेळा पुरुष आहे एवढं तर खरं.

४. 'ऱ्हिदम सेक्शन'चं आणखी एक दुखणं होतं. तीन हजारांवर थेटरात लावला आणि पहिल्या वीकेंडला २.८ मिलियन डॉलर. एवढ्या थेटरात लागलेल्या सिनेमांत त्यावेळचा नीचांक. असा आपटला की नंतर लिहिणारा प्रत्येक जण त्याला मेलेल्यात धरूनच लिहितो. आणि त्याचे निर्माते कोण, तर बार्बरा ब्रोकोली आणि मायकेल विल्सन, बाँडवाले! त्यांना नक्की माहीत होतं हेरपट कसा करतात. मला उलट त्यात एक गोष्ट पटली होती, तिला मारामारी येत नाही. स्वयंपाकघरात झटापट होते तेव्हा ती घाबरलेली, धांदरट, हाताला लागेल ते उचलते. टँजिअरच्या गल्ल्यांतला पाठलाग तर कॅमेरा गाडीतच ठेवून घेतलाय, आपणच बाजूला बसल्यासारखं होतं. पण ते बघायला थेटरात होतं कोण!

---

रिकामटेकडी

@आकडेमोड "आवाज गेला का" वाचून फुटले. :)

@साखरांबा, सॉल्टचा किस्सा माहीतच नव्हता, आता तो सीन परत बघवणार नाही पहिल्यासारखा.

@शिट्टीवाले, ३५५ बद्दल तुमच्याशी शंभर टक्के सहमत, मी पण झोपले होते. पण एक सांगा, ३५५ वाईट निघाला तेव्हा किती जणांनी लिहिलं की "असे बायकांचे हेरपट चालत नाहीत"? 'क्वांटम' वाईट निघाला तेव्हा कोणी लिहिलं का, की पुरुषांचे हेरपट आता बंद करा? पुढचा 'स्कायफॉल' आलाच की चार वर्षांनी.

---

पिटातला_शिट्टीवाला

हं. हे मात्र बरोबर बोललात. एक गुण तुम्हाला.

पण 'धाकड'चं काय म्हणाल? २०२२ ला आला, कंगनाचा, एजंट अग्नी. मी पहिल्या दिवशी गेलो, थेटरात मी आणि अजून सहा जण, त्यातलं एक जोडपं सिनेमा बघायला आलेलं नव्हतं. कॅमेरा, सेट, फाइट सगळं चकाचक, हॉलिवूडच्या दोनचार सिनेमांचे तुकडे उचलल्यासारखे, पण मधल्या वेळात बोलायला कोणाकडे काही नाही. तिथे पण लहानपणी आईबापाचा खून होताच. कारण होतं हो, पण सिनेमा कुठे होता?

---

साखरांबा

कारण असणं वाईट नाहीच मुळी. 'राझी'त पण कारण आहे की. बाप मरायला टेकलाय, त्याने शब्द दिलाय, म्हणून कॉलेजात शिकणारी मुलगी लग्न करून पाकिस्तानी लष्करी घरात जाते. हरिंदर सिक्कांच्या 'कॉलिंग सेहमत' या कादंबरीवरून केलेला, १९७१ चा काळ. समीक्षक खूश, पब्लिक खूश, फिल्मफेअरला सर्वोत्कृष्ट चित्रपट, मेघना गुलजार दिग्दर्शनासाठी, आलिया अभिनयासाठी.

का चालला? मला वाटतं कारण तिला एकदा दिलं आणि मग सिनेमा ते हळूहळू तिच्या हातून काढून घेतो. जीप घेऊन त्या म्हाताऱ्या नोकराच्या मागे जाते, त्याला चिरडते आणि मग घरी येऊन शॉवरखाली कपड्यासकट बसून रडते. तिथे देश, बाप, शब्द यातलं काही तिच्या कामाचं नाही. छत्रीच्या टोकाने दिराला विष टोचते तेव्हा हात थरथरतो. शेवटी तर तिला हे काम करणाऱ्या माणसांचीच शिसारी येते. 'नाम शबाना'त कारण शेवटपर्यंत तसंच राहतं, ठोकलेल्या खिळ्यासारखं, आणि वर क्लायमॅक्सला अक्षयकुमार हजर. नाव तिचं आणि मदतीला हा! त्यावर समीक्षकांनी टीका केली ती मला रास्त वाटली.

पण एक खुपतं. 'राझी'चं कौतुक करताना बऱ्याच जणांनी लिहिलं की ही मारामारी करत नाही, ही "आपल्यातली" वाटते, नाजूक, घाबरणारी. म्हणजे रडणारी हेर आवडली. न रडणारी थेरन थंड. हे मला जरा...

असो. 'खुफिया'तली तब्बू कोणी बघितली का? तिला कामाच्या पलीकडे एक जखम आहे पण ती दाखवायची घाई नाही सिनेमाला. रॉमध्ये काम केलेल्या अमर भूषण यांच्या पुस्तकावरून आहे. संथ आहे, मध्यंतरानंतर भरकटतो, पण तब्बू ऑफिसात फाइल चाळत असली तरी बघत राहावंसं वाटतं.

---

गिरगावचा_जुना

तुमचा धागा वाचून हसू आलं, कारण हे भांडण आमच्या परळ-लालबागला नव्वद वर्षं जुनं आहे.

१९३५ सालची 'हंटरवाली' विसरलात का सगळे? नादिया. जन्म ऑस्ट्रेलियातला, पर्थचा, मूळ नाव मेरी इव्हान्स. वाडिया मूव्हिटोनने तिला बुरखा, हंटर आणि घोडा दिला आणि ती सगळे स्टंट स्वतः करायची, धावत्या गाडीच्या टपावर मारामारी काय, सिंह काय. वाडियांचा तो स्टुडिओ पुढे शांतारामबापूंनी घेतला, राजकमल म्हणजे तीच जागा. माझे आजोबा गिरणीत होते, पाळी सुटली की थेट नादियाच्या सिनेमाला, पडद्यावर ती आली की पिटातून चिल्लर उडायची असं सांगायचे. आणि शिकलेसवरलेले लोक? स्टंटपट म्हणजे तिसऱ्या दर्जाचा माल, घरंदाज माणसाने बघायचा नाही. तेव्हा बाई म्हणून नाही, पब्लिक कोण आहे ते बघून नाक मुरडायचे.

बरं हंटरवालीला पण कारण होतंच, प्रधानाने राजाला, तिच्या बापाला कैदेत टाकलेलं. म्हणजे बाप तेव्हापासून चालू आहे! :)

आणि खास तुमच्या विषयाचं म्हणजे १९६८ ला, साठीच्या घरात असताना नादियाने 'खिलाडी' केला, बाँडपटांची टर उडवणारा. तिचा शेवटचा सिनेमा. साठीची बाई हेरपटात! आज कोणी करून दाखवा म्हणावं.

---

आकडेमोड

काका, भारीच. "पब्लिक कोण ते बघून" हे अगदी पटलं. मला वाटतं 'अटॉमिक ब्लॉंड'च्या बाबतीत पण थोडं तेच झालं, तो कॉमिकवरून आहे, निऑन दिवे, ऐंशीच्या दशकातली गाणी, दिग्दर्शक स्टंटमनचा दिग्दर्शक झालेला. हेरपट म्हटलं की ज्यांना पावसात कोट घालून बाकावर बसलेले म्हातारे लागतात त्यांना तो पोकळच वाटणार.

आणि रिकामटेकडी, तुमच्या आईचं "दमली" बद्दल. तो सीन दिसतो एक टेक पण तुकड्यातुकड्यात घेऊन जोडलाय, जोड लपवलेत. थेरनने तयारीत जबडा इतका आवळला की दात तडकले, ऑपरेशन करावं लागलं. सिनेमा सुरू होतो तो पण बघा, बर्फाने भरलेल्या टबमध्ये, अंगभर काळेनिळे डाग, आणि टबातलेच दोन खडे उचलून ग्लासात टाकते. पहिल्या पाच मिनिटांत सांगितलंय की हिला लागतं. "ती का करते" ते नाही सांगितलं, पण "तिला ते किती महागात पडतं" ते पूर्ण दाखवलंय. मला तरी तेवढं पुरलं.

---

रिकामटेकडी

अय्या, टबातला बर्फ! हे आईला दाखवायला पाहिजे, तेव्हा ती स्वयंपाकघरात होती.

काका, 'खिलाडी' कुठे बघायला मिळेल का? यूट्यूबवर शोधते.

आज रात्री 'हेवायर' लावणार आहे. आईला सांगून ठेवलंय की मधे आवाज जाणार नाही, तो तसाच आहे. तर म्हणाली "बरं. पण ही पण दमते ना?"